वहीतला तक्ता मिटवायला लावल्याबद्दल

प्रिय विद्यार्थिनी,

"नाव लिहिलंत तर बोलणार नाही," असं तू बजावलं आहेस, म्हणून एवढ्यावरच थांबतो. पत्र मात्र उघड लिहितोय. एक तर तू माझ्याकडून जे करून घेतलंस ते आणखी चारजणांच्या उपयोगी पडेल. आणि दुसरं, फोनवर आभार मानायला लागलो की तू विषय बदलतेस. इथे ते जमणार नाही.

तुझा पहिला फोन आला तेव्हा मला न्यूजलेटर 'सुरू करून' चार महिने झाले होते आणि एकही ओळ लिहून झालेली नव्हती. बेत साधाच होता. 'चावी' आणि 'पगार' हे शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्या तोंडी कसे बसले, असलं काहीबाही महिन्यातून दोनदा लोकांना मेलने पाठवायचं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर मी हे वर्षानुवर्षं लिहीत आलो, पण सकाळी टाकलेलं दुपारपर्यंत शुभेच्छांच्या ढिगाखाली जायचं. म्हणून मेल. आणि मेल म्हटल्यावर प्लॅटफॉर्म कोणता, म्हणजे पत्रं कोणत्या सेवेतून धाडायची, या प्रश्नावर जो बसलो तो उठलोच नाही. वहीत चार पानांचा तक्ता: सबस्टॅक, घोस्ट, बटनडाउन, बीहाइव, मेलचिंप. पुढे रकाने. मथळ्याचं अक्षर कसं दिसतं यालासुद्धा दहापैकी गुण दिले होते. जन्मभर पेपर तपासल्याची खोड, दुसरं काय.

तू सगळा तक्ता निमूट ऐकलास आणि विचारलंस, "सर, यातलं एखादं उद्या बंद पडलं तर तुमच्या हातात काय राहील?"

हा रकानाच माझ्या तक्त्यात नव्हता.

मला वाटलं, तू उगीच घाबरवतेयस. मग तू दोन नावं सांगितलीस. टायनीलेटर २०१० मध्ये निघालं, फुकट आणि साधं म्हणून लिहिणाऱ्यांचं लाडकं झालं, पुढच्याच वर्षी मेलचिंपने विकत घेतलं आणि २९ फेब्रुवारी २०२४ ला बंद झालं. रेव्ह्यू ट्विटरने जानेवारी २०२१ मध्ये घेतलं आणि १८ जानेवारी २०२३ ला त्याला कुलूप लावलं, म्हणजे पुरती दोन वर्षंही नाहीत. वाचकांची यादी ज्यांनी वेळेत उतरवून घेतली, ते ती घेऊन दुसरीकडे गेले. ई-मेलची हीच गंमत आहे, असं तू म्हणालीस. पत्ता वाचकाचा असतो, पोचवण्याची पद्धत कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. फक्त यादी आपल्याकडे पाहिजे.

त्यावर तू गृहपाठ दिलास. (मला! गृहपाठ!) जे आवडतंय तिथे खातं उघडा, स्वतःचेच तीन पत्ते घाला, दोन खोटी पत्रं लिहा, आणि मग सगळं बाहेर काढून दाखवा. यादी सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे कुठेही उघडता येईल अशा साध्या तक्त्यात, उतरते का? जुनी पत्रं तारखांसकट मिळतात का? की बटण सापडायलाच अर्धा तास जातो? आकर्षक जाहिरातींचं पाणी या एका चाचणीत जोखता आलं. माझी यादी उतरली, पण एक्सेलमध्ये उघडली तर मराठी नावांच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं. रात्री साडेदहाला तुला फोन केला. फाइल ठणठणीत होती. ती थेट न उघडता यूटीएफ-८ (मराठी अक्षरं साठवण्याची संगणकाची पद्धत) निवडून आत घ्यायची होती, एवढंच. ते तू चिडचिड न करता दोनदा सांगितलंस. मी वर्गात एवढा शांत असायचो का, हे तू कृपा करून सांगू नकोस.

पैशांचा विषय तू पाच मिनिटांत संपवलास, तो मी महिनाभर चघळत होतो. सबस्टॅकवर फुकट पत्रं पाठवायला काही पडत नाही, वाचकांकडून वर्गणी घेतली तर ते १० टक्के ठेवतात, आणि पैसे वळते करणाऱ्या स्ट्राइपचा आकार वेगळा. घोस्ट वर्गणीतून काहीच कापत नाही, पण त्यांच्याकडे राहायचं तर भाडं भरावं लागतं, आणि वाचक वाढले की तेही वाढतं. म्हणजे लहान असताना टक्का परवडतो, मोठं झाल्यावर भाडं. शिवाय स्ट्राइप प्रत्येक देशात चालत नाही, तेव्हा वर्गणीची स्वप्नं पाहण्याआधी ते तपासायचं. "आणि सर, तुम्हाला वर्गणी घ्यायचीय का?" नाही. मग तक्त्यातले तीन रकाने तिथेच गळाले.

पण तुझे खरे आभार मानायचे आहेत ते एका 'नाही'साठी. माझ्या मेलच्या वहीत तीनशेच्या वर पत्ते होते: जुने सहकारी, पालक, प्रकाशक, कधीतरी एकदाच पत्रव्यवहार झालेली माणसं. ते सगळे एका फटक्यात यादीत घालायचे आणि पहिल्याच दिवशी तीनशे वाचक, असा माझा डाव होता. तू सरळ म्हणालीस, "त्यांनी मागितलंय का?" मी म्हटलं, ओळखीचेच आहेत सगळे. तू म्हणालीस, ओळखीचा माणूस तुम्हाला फोन करून नको म्हणणार नाही, तो गुपचूप 'स्पॅम' दाबेल. आणि मग आकडा सांगितलास. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहिल्या पाहिजेत, म्हणजे हजारात तीनसुद्धा जास्त. त्यांच्या लेखी मोठा म्हणजे जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजार मेल धाडणारा, मी त्यात कुठेच बसत नाही. पण तीनशेतल्या दहा जणांनी चिडून तक्रार केली तर माझी पत उरणार किती, हे गणित मलाही येतं.

म्हणून मग प्रत्येकाला वेगळं, चार ओळींचं पत्र. असं असं लिहिणार आहे, हवं असेल तर या दुव्यावर पत्ता नोंदवा, नको असेल तर काहीच करू नका. नोंदवल्यावर पुन्हा खात्रीचा मेल जातो आणि त्यातला दुवा दाबला तरच नाव पक्कं होतं. या दुहेरी होकाराचा मला तेव्हा राग आला होता. सत्तावीस जण आले. तीनशेंतून सत्तावीस! दोन दिवस मी तुझ्याशी नीट बोललो नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

त्या सत्तावीसपैकी एकोणीस जणांनी पहिल्या पत्राला उत्तर लिहिलं.

स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या नावाचा पत्ता, घ्यायला लावलंस, तेही बरं झालं. प्लॅटफॉर्म बदलला तरी पाटी तीच राहते. मात्र इथे एक मेख आहे, ती मला तुझ्यामुळे कळली: सबस्टॅकवर एकदाच पैसे भरून पानाला आपलं डोमेन लावता येतं, पण मेल मात्र त्यांच्याच पत्त्यावरून जातो. मला पत्रही माझ्या पत्त्यावरून जायला हवं होतं. मग त्यासाठी एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क ही त्रिमूर्ती. तू सांगितलेलं जसंच्या तसं वहीत आहे: माझ्या नावाने मेल टाकायची परवानगी कोणाकोणाला आहे त्याची यादी म्हणजे एसपीएफ, वाटेत कोणी मजकूर बदलला नाही याची मोहोर म्हणजे डीकिम, आणि ही तपासणी फसली तर मेलचं काय करायचं, ही सूचना म्हणजे डीमार्क. डोमेनच्या सेटिंगमध्ये त्या अगम्य ओळी चिकटवताना एक टिंब सुटलं आणि अख्खी संध्याकाळ गेली. शुद्धलेखनाचे गुण कापणाऱ्याला मिळालेला न्याय.

शेवटी बटनडाउन घेतलं. कारण सांगण्यासारखं मोठं नाही: तिथे लिहायला कोरा कागद मिळतो आणि शब्द ठळक करायला दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका (*) टाकल्या की झालं. तुझं मत घोस्ट स्वतःच्या सर्व्हरवर बसवावं असं होतं, कारण तो मुक्तस्रोत आहे, म्हणजे कोणालाही उतरवून घेऊन चालवता येतो, सगळी सूत्रं आपल्या हाती राहतात. तुझं बरोबर असेल. पण सर्व्हर सांभाळायचा, शिवाय पत्रांचा गठ्ठा पाठवायला मेलगनसारखी वेगळी सेवा जोडायची, हे माझ्या वयात नको. या मुद्द्यावर मी अजूनही हटलेलो नाही, नोंद घ्यावी.

दुसऱ्या पत्राचा घोळ तर माझाच. वर्डमधून मजकूर उचलून तसाच चिकटवला. त्याबरोबर न दिसणाऱ्या सजावटीचा एवढा कचरा आला, की मेल १०२ केबीच्या वर गेला आणि जीमेलने शेपूट कापून 'पूर्ण संदेश पाहा' असा दुवा ठेवला. शेपटातच 'यादीतून नाव काढा' हे होतं. तू म्हणालीस, बाहेर जायचा रस्ता सापडला नाही की लोक स्पॅमचा धरतात. तेव्हापासून साधा मजकूर चिकटवतो, आणि आधी एक प्रत स्वतःला पाठवतो.

आणि हो, किती जणांनी उघडलं हे दिवसातून सहा वेळा पाहायचो, तेही तूच बंद केलंस. पत्रातलं एक न दिसणारं चित्र उतरलं की पत्र उघडलं असं धरतात. पण २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप, वाचकाने ती सोय चालू ठेवली असेल तर, पत्रातली चित्रं आधीच ॲपलच्या सर्व्हरवरून उतरवून घेतं. त्यामुळे न वाचलेलं पत्रही वाचल्यासारखं मोजलं जातं. मोजणीच काढून टाकली. आता आलेली उत्तरं मोजतो. परवा एका बाईंनी 'चावी'वर दीड पान लिहून पाठवलं, त्यात माझी एक चूक दाखवली, आणि ती खरंच चूक होती.

महिन्याच्या एक तारखेला यादी उतरवून ठेवतो, सांगितल्याप्रमाणे. या एक तारखेला एकसष्ट पक्की नावं होती आणि एक अर्धवट. पत्ता नोंदवलाय, पण खात्रीचा दुवा दाबलेला नाही, पाच महिन्यांपासून. तो पत्ता तुझा आहे. स्पॅमचं फोल्डर बघ.

तुझा,
सर