ट्रेमोलो ब्लॉक आपल्याकडेच बनू शकतो

महोदय,

इलेक्ट्रिक गिटारचा सूर लवकर विझतो, अशी तक्रार केली की दुकानात पहिला सल्ला मिळतो तो पिकअप, म्हणजे तारांचे कंपन टिपणारा चुंबकी भाग, बदलण्याचा. स्ट्रॅटोकास्टर घाटाच्या स्वस्त गिटारींत दोष पुष्कळदा मागच्या झाकणाआड असतो, म्हणजे ब्रिजखाली (बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाखाली) लटकणाऱ्या ट्रेमोलो ब्लॉकमध्ये. तारांची टोके याच धातूच्या ठोकळ्यात अडकतात. हा ब्लॉक परदेशातून मागवायची गरज नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा भोसरीत मिलिंगची सोय असलेले वर्कशॉप तो करून देऊ शकते. मात्र मापे नेमकी द्यावी लागतात, आणि नेमके तिथेच घोडे पेंड खाते.

फेंडर कंपनीने 1954 मध्ये स्ट्रॅटोकास्टर आणली तेव्हा हा ब्लॉक भरीव पोलादाचा होता. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला तिथेही ओतीव ब्लॉक आले. आजच्या स्वस्त गिटारींत जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव ब्लॉक असतो, आणि अनेकदा तो जाडीलाही अर्धवट असतो. तारेची ऊर्जा ब्रिजवाटे जितकी कमी झिरपेल तितका सूर टिकतो. म्हणून तारेचे टोक जड आणि ताठ वस्तूला अडकलेले हवे. जस्ताच्या मिश्रधातूची घनता घनसेंटिमीटरला 6.6 ते 6.7 ग्रॅम, पोलादाची 7.85 आणि पितळेची साधारण 8.5 आहे. म्हणजे त्याच मापाचा पोलादी ब्लॉक जेमतेम अठरा टक्के जड भरतो. खरा फरक पडतो तो बारीक ब्लॉक काढून पूर्ण जाडीचा बसवला तर. मूळचाच ब्लॉक जाड असेल, तर खर्च करण्याआधी दोनदा विचार करावा.

त्याआधी एक फुकटची परीक्षा करावी. ब्लॉक आणि तो ज्या खाचेत लटकतो त्या बॉडीतल्या खाचेची भिंत यांच्यामध्ये लाकडाची घट्ट पाचर मारून ब्रिज हलेनासा करा आणि वाजवून पाहा. तरीही सूर मेलेलाच वाटला, तर दोष बहुधा दुसरीकडे आहे : नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा, झिजलेले फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), नाहीतर तारांच्या फार जवळ आलेले पिकअप. पिकअपचे चुंबक जवळून तार ओढते आणि तिचे कंपन मारते. जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपसाठी शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड तारेखाली सुमारे 2.4 मिमी आणि बारीक तारेखाली 2 मिमी अंतर असावे.

ब्लॉकच करायचा ठरला, तर चार मापे व्हर्नियरने घ्यावीत. पहिल्या आणि सहाव्या तारेच्या भोकांच्या केंद्रांमधले अंतर जुन्या अमेरिकी धाटणीत सुमारे 56 मिमी असते, तर आशियाई बनावटीत बहुधा 52.5 किंवा 54 मिमी. दुसरे माप उंचीचे. प्रमाण बॉडी 44-45 मिमी जाड असते, पण सुरुवातीच्या दर्जाच्या गिटारी 40 मिमीच्या आसपासही भरतात. त्यांत पूर्ण उंचीचा ब्लॉक पाठीतून बाहेर डोकावतो. तिसरे, खाचेची रुंदी. आर्म (ब्रिज हलवायचा दांडा) दाबला की ब्लॉकचे खालचे टोक शेपटीच्या बाजूला सरकते. तिकडे जागा नसेल तर जाड ब्लॉक भिंतीवर आपटतो आणि आर्म अर्ध्यातच अडतो.

चौथे माप आर्मच्या आट्यांचे, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते. अमेरिकी आर्म 10-32 आट्यांचा (इंची माप: 10 नंबरचा स्क्रू, इंचाला 32 आटे) असतो, आशियाई बहुधा एम5 किंवा एम6 (मिमीतली मापे). 10-32 चा व्यास 4.83 मिमी आणि पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) 0.79 मिमी, एम5 चा पिच 0.8. त्यामुळे 10-32 चा आर्म एम5 च्या भोकात जातो, पण खुळखुळतो. उलट एम5 चा आर्म 10-32 मध्ये जोराने फिरवला, तर नव्या ब्लॉकचे आटेच जातात.

वर्कशॉपला ब्रिजची वरची पट्टी आणि जुना ब्लॉक दोन्ही नेऊन द्या आणि भोके पट्टीवरूनच मार्क करायला सांगा. माल एमएसचा (साध्या सौम्य पोलादाचा) ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत कांब. तारेची भोके दोन टप्प्यांत पाडतात : खालून तारेच्या टोकाची गोळी जाईल एवढे, वरून गोळी अडेल एवढे बारीक. खालचे भोक फार खोल गेले, तर गोळी पट्टीला टेकते, जाड तारेचा पीळ सॅडलवर (ब्रिजवरच्या त्या तारेच्या टेकूवर) येतो, तार तिथे नीट वळत नाही आणि सूर बेसूर होतो.

बसवताना आधी सॅडलच्या जागा टिपून ठेवा, कारण ब्लॉकचे तीन स्क्रू त्यांच्याच खाली असतात. ब्लॉकला ओढून धरणाऱ्या स्प्रिंग पकडीने काढताना डोळ्यांना चष्मा हवाच. ग्राउंडची तार क्लॉला (स्प्रिंगांची दुसरी टोके अडकतात त्या पट्टीला) डाग दिलेली असते, तिला हात लावू नये. पट्टीच्या खालच्या बाजूचा रंग काचेवर ठेवलेल्या 400 नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून काढा, मग जोड ट्यूबलाइटसमोर धरून पाहा. फटीतून उजेड आला तर अजून घासा. तिथे फट राहिली तर जड ब्लॉकचा काही उपयोग नाही. शेवटी तारा सुरात लावून क्लॉचे स्क्रू असे फिरवा की पट्टीची मागची कड बॉडीपासून सुमारे 3 मिमी वर राहील, आणि इंटोनेशन नव्याने लावा, म्हणजे सॅडल पुढेमागे करून फ्रेटवर दाबलेल्या तारेचा सूर जुळवा.

कोकण, मुंबई, गोव्याच्या हवेत उघडे एमएस एका पावसाळ्यात गंजते. निकेल प्लेटिंग करून घ्या, पण आर्मच्या भोकात प्लेटिंगनंतर पुन्हा टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवायला सांगा, नाहीतर मुलामा चढलेल्या आट्यांत आर्म अडकेल.

– एक वाचक, कोल्हापूर