मिरगाआधी चित्रशाळेवर कौलं चढवायची आहेत

सप्रेम नमस्कार,

गावकरी, मुंबई-पुण्यातले चाकरमानी आणि सासरी गेलेल्या माहेरवाशिणी, सगळ्यांनाच हे पत्र.

आपली चित्रशाळा मुळात गणपतीची शाळा. नागपंचमीला तिथे पाट नेऊन द्यायचा आणि त्याच पाटावरून चतुर्थीला गणपती घरी आणायचा. मधल्या दिवसांत गावातली पोरं तिथेच पडीक. कुणी शाडू मळून देई, कुणी साचे पुसून ठेवी. पोरांचे हात वळतायत हे बघून मूर्तिकार आजोबांनी गणपती घरोघरी गेल्यावरही पडवी बंद केली नाही, आणि दर रविवारचा चित्रकलेचा वर्ग सुरू झाला. फी त्यांनी कधी घेतली नाही. आम्हीही घेत नाही.

या वर्गातून मुलं एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसतात. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 सालचं, पण तिथवर जायची वाट इथल्या मुलाला कुणीतरी दाखवावी लागते. शिवाय दारातलं धनही त्यांना कळायला हवं. पिंगुळीच्या ठाकर समाजाने जपलेल्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचे पत्ते 120, दहा अवतारांचे प्रत्येकी 12, सगळे हाताने रंगवलेले. हे आपल्या जिल्ह्यात होतं, हे बऱ्याच मुलांना इथे आल्यावरच समजतं.

गेल्या चतुर्थीआधी सातवीतल्या एका मुलीने पहिल्यांदा गणपतीच्या डोळ्यांची आखणी केली. डाव्या हाताने उजवं मनगट धरलेलं, श्वास रोखलेला. दुसरी पापणी पुरी झाली तेव्हा सगळी पडवी गप्प होती.

त्याच पडवीत त्या दिवशी चार ठिकाणी टोपं लावलेली होती. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने छपराची एक बाजू उचलली, ती आम्ही ताडपत्री घालून कशीबशी निभावली. आता वाशांना वाळवी लागलीय, आणि जुनी चित्रं ठेवलेल्या पेटीत मागच्या पावसात पाणी शिरलं. कागद एकमेकांना चिकटले, ते सोडवताना रंग निघून आला. हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

वासे, रिपा, कौलं आणि सुताराची मजुरी, एवढाच खर्च आहे. ज्यांना जमेल त्यांनी पैसे द्यावेत. रक्कम लहान असली तरी पावती मिळेल, आणि हिशोब देवळात फळ्यावर लागेल. कुणाचं जुनं घर मोडणार असेल तर धड कौलं आम्हाला सांगा, गाडी घेऊन येऊ. कार्ट्रिज पेपर, पोस्टर कलर, ब्रशही चालतील. ब्रश मात्र बारीक नंबरचे आणा, तेच लवकर झिजतात.

शिमग्याला गावी याल तेव्हा रविवारी सकाळी वर्गात डोकवा. कौलं उतरवायला पाडव्यानंतर सुरुवात करतोय, त्या दिवशी शिडीवर चढणारी माणसंही हवी आहेत.

आपले,
चित्रशाळेचे कार्यकर्ते