ट्रॅकसाठी कोच हवाय की रजिस्टरवर सह्या करायला माणूस?

मा. संपादक,
स.न.

सध्या कॉलेजांच्या भरतीच्या जाहिराती सुरू आहेत, त्यात आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजची (नाव लिहीत नाही, शेजारच्या तालुक्यात गेलात तरी तेच वाचायला मिळेल) जाहिरात वाचली. ॲथलेटिक्स प्रशिक्षक पाहिजे, अकरा महिने, मानधन तत्त्वावर, क्रिकेट आणि कबड्डीची टीम सांभाळता येणे आवश्यक. म्हणजे स्प्रिंट, लाँग डिस्टन्स, उड्या, थ्रो हे सगळं एकट्याने बघून वर नेट्सही लावायचे, आणि पुढच्या जूनला पुन्हा अर्ज घेऊन रांगेत उभं राहायचं. मी स्वतः कॉलेजात हर्डल्स (अडथळ्यांची शर्यत) पळायचो, आता मुलगी पळते, म्हणून जरा जास्तच लागलं.

ओळखीतला एक पोरगा अशाच मुलाखतीला जाऊन आला. पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था, कोच तिथे तयार होतात) वर्षभराचा डिप्लोमा केलेला, फाईल व्यवस्थित लावलेली. प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा झाला, फाईल इकडून तिकडे फिरली आणि प्रश्न काय तर स्वतः कुठपर्यंत खेळलात, २६ जानेवारीचं संचलन बसवाल का, आणि शेवटी मानधन किती घेणार. तुमच्याकडे आलेल्या मुलाला जूनमध्ये काय सराव द्याल, इंटरकॉलेजिएट ऑक्टोबरात आली तर स्पीडवर्क (वेगाचा सराव) कधी सुरू कराल, पोरीची नडगी दुखायला लागली तर काय कराल, यातलं एक अक्षर कोणी विचारलं नाही. विचारणार कसं, समितीत ट्रॅकवर उभा राहिलेला माणूसच नव्हता.

आता कोणी म्हणेल की कॉलेजला शारीरिक शिक्षण संचालक असतोच की. असतो, जिथे पद भरलंय तिथे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमांप्रमाणे त्याला नेट-सेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएचडी लागते, आणि फिटनेस टेस्टपण असते, तिशीपर्यंतच्या पुरुषाने १२ मिनिटांत १८०० मीटर. (पोलीस भरतीची आमची पोरं १६०० मीटर सव्वापाच मिनिटांच्या आत मारायला बघतात, असो.) पण त्या सरांच्या अंगावर बुद्धिबळापासून कुस्तीपर्यंत सगळ्या टीमा, प्रवेशिका, टीए-डीएची बिलं, ग्रेस मार्कांचे फॉर्म. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, रोज सकाळी साडेपाचला स्टॉपवॉच घेऊन उभं राहणं हे वेगळ्या माणसाचं काम आहे, आणि म्हणूनच तो माणूस नेमताना नीट बघून नेमा एवढंच म्हणणं आहे.

नीट म्हणजे कसं? उमेदवाराला केबिनमध्ये बसवूच नका, ग्राउंडवर न्या. जाहिरात दिलेल्या याच कॉलेजात स्टोअररूममधे हर्डल्स आहेत, गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी अँगलचे वेल्डिंग करून घेतलेले, उचलायला दोन पोरं लागतात. खरं हर्डल वरच्या पट्टीला साधारण चार किलोचा जोर बसला की पडायला पाहिजे, तसा नियमच आहे, आणि हे पडतच नाही, पडते ती पोरगी. वर उंची बदलायची सोय नाही, म्हणजे मुलांच्या १०६.७ सेंटिमीटरला एकदा वेल्ड केलं ते केलं, आणि मुलींना हवं ८४. आमच्या कन्येच्या गुडघ्याखाली त्याच अँगलचे वळ आहेत आणि ती आता हर्डल आलं की आपोआप पाऊल आखडते, दोन हर्डल्समध्ये तीन पावलं पडायला हवीत तिथे पाच टाकते. ज्याला शिकवता येतं तो उमेदवार ते हर्डल बघून आधी काय बोलतो, मग चार पोरांना अर्धा तास घेऊन काय करून दाखवतो, एवढं बघितलं तरी निम्म्या फायली बाजूला पडतील. नॅशनलचं मेडल गळ्यात असलेला माणूस चांगला कोच असतोच असं नाही, हे ग्राउंडवरच्या कोणालाही विचारा.

कोचने काय फरक पडतो याला लांब जायला नको. सावरपाड्याच्या कविता राऊतला नाशिकमध्ये विजेंदर सिंग सर मिळाले, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला तिने १० हजार मीटरमध्ये ब्राँझ आणलं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर आर्मीत गेला, तिथे कोच अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची ३००० मीटरची शर्यत) वळवलं, आणि २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत सिल्व्हर. तो भरती न होता इथल्याच एखाद्या कॉलेजात बी.ए.ला बसला असता तर त्याला कोणी काय शिकवलं असतं? वर्षभर ग्राउंड पोलीस-आर्मी भरतीवाल्या ॲकॅडम्यांच्या ताब्यात, आणि कॉलेजची टीम युनिव्हर्सिटीचं सर्क्युलर आल्यावर पंधरा दिवसांत उभी करायची, अशीच गत झाली असती ना.

पैशाचं रडगाणं मला माहितीये. पण प्रवेशाच्या पावतीवर क्रीडा शुल्क प्रत्येक पोराकडून घेतलं जातं, ते जातं कुठे ते नोटीस बोर्डावर लावा. एका कॉलेजला झेपत नसेल तर गावातल्या दोन-तीन कॉलेजांनी मिळून एक मुख्य कोच ठेवावा, स्पर्धेत पोरं आपापल्या कॉलेजकडून उतरतील, सराव एकत्र करतील. आणि करार निदान तीन वर्षांचा करा, कारण एफ.वाय.ला आलेल्या मुलाचा बेस तयार व्हायलाच वर्ष जातं आणि तेवढ्यात आपण कोच बदलतो, मग नवा माणूस येऊन पुन्हा पहिल्यापासून.

सदर जाहिरातीची मुदत अजून संपलेली नाही. त्यातली क्रिकेट-कबड्डीची ओळ काढून तिथे 'मैदानावर प्रात्यक्षिक घेतले जाईल' एवढं टाकायला शुद्धिपत्रक पुरतं, आणि मुलाखतीआधी ते अँगलवाले हर्डल्स भंगारात काढले तरी चालेल, भाव मी काढून देतो.

आपला,
एक पालक व माजी हर्डलर, नाशिक जिल्हा