विषय: व्हेज डिमसमच्या पार्सलमध्ये कोळंबी निघाली, त्याबद्दल तक्रार

मालक / मॅनेजर साहेब,

नमस्कार. शनिवारी रात्री मी फोन केला तेव्हा तुमच्या माणसाने "बघतो मॅडम" म्हणून ठेवून दिला, त्यानंतर तुमच्याकडून कोणाचाच फोन नाही, म्हणून आता सगळं लिहूनच पाठवतेय. प्लीज पूर्ण वाचा.

माझी आई माळकरी आहे. अंड्याचा केक सुद्धा तोंडात घालत नाही. मिक्स हॉटेलात जेवायला ती सहसा तयारच होत नाही, तुमच्याकडे मागे आली ती फक्त तुमच्या कॅप्टनने टेबलापाशी उभं राहून "आजी, आमचं व्हेजचं सगळं वेगळं आहे, स्टीमर पण वेगळा, बिनधास्त खा" असं सांगितलं म्हणून, आणि मेनूकार्डवर पण पहिल्याच पानावर तेच छापलंय. तेव्हा तिने कॉर्न आणि वॉटर चेस्टनटचं क्रिस्टल डिमसम खाल्लं आणि तिला इतकं आवडलं, म्हणाली अगदी उकडीच्या मोदकासारखी पारी आहे गं, फक्त सारण तिखट. आणि खरंच छान होतं ते, पारी इतकी पातळ की आतला मक्याचा दाणा न दाणा बाहेरून दिसत होता. तुमच्या कारागिराच्या हाताला नावं ठेवायला जागा नाही, हे मुद्दाम लिहितेय कारण माझी तक्रार चवीची नाहीच्चे.

तर शनिवारी भाऊ-वहिनी आले होते म्हणून पार्सल मागवलं. आईसाठी व्हेज क्रिस्टल आणि मशरूम बाओ, बाकीच्यांसाठी प्रॉन हार गाव, म्हणजे कोळंबीचं डिमसम, आणि चिकन शुमाई. फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की व्हेज वेगळ्या डब्यात द्या, घरात माळकरी माणूस आहे, पलीकडून "हो हो लिहिलंय" असं उत्तर पण आलं. घरी येऊन बघतो तर व्हेज क्रिस्टल आणि हार गाव एकाच प्लास्टिकच्या डब्यात, मध्ये बटर पेपरची एक पट्टी, ती पण ओली होऊन आडवी पडलेली. दोन्हींची पारी गव्हाच्या स्टार्चची आणि टॅपिओकाची असते, गरम असताना काचेसारखी दिसते पण थंड झाली की पांढुरकी होते आणि आत काय आहे ते बाहेरून काही कळत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. पट्टीच्या अलीकडचं व्हेज, पलीकडचं नॉनव्हेज असं आम्ही धरून चाललो कारण डब्यावर दुसरी काही खूणच नव्हती. बाजारातल्या पाच रुपयांच्या बिस्किटच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो, तुमच्या एवढ्या महागाच्या डब्यावर साधं पेनने व्हेज एवढं सुद्धा लिहिलेलं नाही.

आईने एक उचललं, अर्ध तोडलं आणि तिचा हात तसाच राहिला. आत गुलाबी कोळंबी, दातांनी अर्धी तुटलेली. ती कोणाला काहीच बोलली नाही, उठून बेसिनपाशी गेली आणि कितीतरी वेळ नुसत्या चुळा भरत राहिली, मग देवापुढे जाऊन बसली आणि रात्री जेवलीच नाही. वहिनीने दूध दिलं तर ते पण नको म्हणाली.

मी लगेच फोन केला तर तुमचा माणूस म्हणतो "मॅडम, डिमसम सगळे सेमच दिसतात, पॅकिंगवाल्याला ओळखू येत नाही, पुढच्या ऑर्डरला दहा टक्के डिस्काउंट देतो." अहो, ज्याला ओळखू येत नाही त्याच्याकडून पॅकिंग करून का घेता? आणि डिस्काउंटचं मी काय करू, आई आता तुमच्याकडचं पाणी तरी पिणार आहे का?

दुसऱ्या दिवशी मी स्वतः आले. काउंटरमागच्या काचेतून स्टीमर दिसतो तुमचा. एकच स्टीमर, बांबूच्या टोपल्या एकावर एक रचलेल्या, वर चिकन शुमाई आणि तिच्या खालच्या टोपलीत व्हेज. शुमाई वरून उघडी असते, तिची चरबी सुटते, टोपलीचा तळ विणलेला असतो, म्हणजे जे काय सुटतं ते वाफेच्या पाण्याबरोबर खालच्या टोपलीत ठिबकणारच. मी विचारलं तर उत्तर "वाफेने काय होतंय". म्हणजे डबा बरोबर भरला असता तरी आईच्या ताटात तेच आलं असतं, आणि त्या दिवशी टेबलावर बसून तिने जे आवडीने खाल्लं ते तरी कशावरून वेगळं होतं? हे मी तिला अजून सांगितलेलं नाही, सांगायची हिंमतच होत नाहीये. पॅकिंगमध्ये चूक झाली असं म्हटलं तर एक वेळ समजून घेईन, पण मेनूकार्डवर वेगळा स्टीमर छापायचा आणि आत एकच ठेवायचा ही सरळ सरळ फसवणूक आहे.

अजून एक, पार्सलच्या बिलात सर्व्हिस चार्ज लावलाय. कोणी वाढलं आम्हाला? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की बिलात तो आपोआप लावायचा नाही, आणि दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये ते कायम पण केलंय. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ आकडी नंबर बिलावर लागतो, तो पण मला कुठे दिसला नाही.

मला पुढची प्लेट फुकट नको आहे. पार्सलचे पूर्ण पैसे परत करा, झालेल्या प्रकाराबद्दल लेखी माफी आईच्या नावाने द्या, आणि व्हेजला खरोखर वेगळा स्टीमर आणि वेगळे चिमटे आणा, ते जमणार नसेल तर मेनूकार्डवरची ती ओळ आजच्या आज काढा आणि कॅप्टनला पण सांगा की कुठल्या आजीला असं खोटं सांगू नको. माळकरी, जैन, श्रावण पाळणारी कितीतरी माणसं तुमच्याकडे त्या एका ओळीवर विश्वास ठेवून बसतात.

बिलाचा, डब्याचा आणि स्टीमरचा फोटो सोबत जोडलाय. येत्या आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर आणि फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅपवर तक्रार टाकणार, आणि गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोगात पण जाणार, बिल ५ लाखांपर्यंतचं असेल तर तिथे फी सुद्धा लागत नाही. फोन करायचा असेल तर मालकांनी स्वतः करावा, संध्याकाळी सहानंतर.

तुमची ग्राहक,
पुणे