हतनूरच्या तळाशी काय साठते आहे? पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

तापी नदीवरच्या हतनूर जलाशयातील जलपर्णी काढण्याची आणि जळगावच्या मेहरूण तलावाच्या सुशोभीकरणाची चर्चा आमच्या खानदेशात वारंवार होते. ही कामे होऊ नयेत असे माझे म्हणणे नाही. खतांतून आणि सांडपाण्यातून येणारा, शैवाल व जलपर्णी पोसणारा फॉस्फरस पाण्यात किती येतो, किती वाहून जातो आणि किती तळाशी उरतो, हे मोजल्यावाचून त्यांवर पैसा खर्च करू नये, एवढीच विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

फॉस्फरसवरच बोट ठेवण्याचे कारण दूरच्या थंड प्रदेशातील तलावांनी दाखवून दिले आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात 1968 साली काही छोटी गोड्या पाण्याची तळी केवळ प्रयोगासाठी राखून ठेवण्यात आली. शैवाल माजून तळी हिरवी पडतात ती कार्बनमुळे, नायट्रोजनमुळे की फॉस्फरसमुळे, यावर तेव्हा मोठा वाद होता, आणि साबणाच्या भुकटीत फॉस्फेट घालणाऱ्या उद्योगाला दोष कार्बनकडे गेलेला हवा होता. तेथील शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये 226 क्रमांकाच्या तळ्याच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातले, दुसऱ्यात या दोहोंबरोबर फॉस्फरसही घातला. फॉस्फरस मिळालेला भाग काही आठवड्यांतच हिरवागार झाला, दुसरा होता तसाच राहिला. शेजारच्या 227 क्रमांकाच्या तळ्यात तर फॉस्फरस आणि नायट्रोजन घातले, कार्बन मुळीच घातला नव्हता, तरी शैवालाने तो हवेतून ओढून घेतला. पुढे 1990 पासून तेथे नायट्रोजन घालणेही थांबवले, तेव्हा हवेतला नायट्रोजन बांधणाऱ्या नीलहरित शैवालाने ती उणीवही बरीचशी भरून काढली आणि तळे हिरवेच राहिले. कार्बन आणि नायट्रोजन यांना हवेतून ये-जा करण्याची वाट आहे, फॉस्फरसला ती नाही. तो पाण्याबरोबर येतो, आणि बाहेर वाहून गेला नाही किंवा कोणी काढून नेला नाही तर गाळात मुरून राहतो.

मुरलेला फॉस्फरस तेथे स्वस्थ बसत नाही. मेलेले शैवाल आणि जलपर्णी तळाशी कुजताना पाण्यातला प्राणवायू वापरला जातो. तो संपला की गाळातील लोहाने धरून ठेवलेला फॉस्फरस सुटून पुन्हा पाण्यात येतो. इंग्लंडच्या सरोवरांवर काम करणाऱ्या क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी 1940 च्या सुमारास ही क्रिया नीट उलगडून दाखवली होती. प्राणवायूविना कुजणाऱ्या त्याच पदार्थांतील कार्बनचा काही भाग मिथेन होऊन वर येतो, आणि शंभर वर्षांचा विचार केला तर वजनास वजन मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवणारा वायू आहे. आपल्या विभागाच्या नावातच वातावरणीय बदल आहे, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

मात्र कॅनडाचे आकडे आपल्याला उसने घेता येणार नाहीत. तेथील तळी ग्रॅनाइटवर आहेत, त्यांचे पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचे आहे, हिवाळ्यात त्यांवर बर्फ असतो, आणि वसंतात व शरदात त्यांचे पाणी वरपासून खालपर्यंत ढवळले जाते. आपला मुलूख बेसाल्टचा आणि चुनखडीयुक्त काळ्या मातीचा. येथे फॉस्फरसचा मोठा वाटा लोहाऐवजी चुन्याशी बांधलेला असण्याची शक्यता आहे, आणि तो केव्हा व किती सुटेल याचे गणित वेगळे असेल. शिवाय 4 अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 13 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. म्हणजे ज्या चैत्र-वैशाखात कुजण्याचा वेग सर्वाधिक असतो, त्याच दिवसांत भुसावळ-जळगावच्या जलाशयांकडे प्राणवायूची शिल्लक सर्वांत कमी असते. तेथील पद्धत घ्यावी आणि मोजमाप येथेच करावे, असे मी म्हणतो ते यासाठी.

हतनूरचा प्रश्न एका गावाचा किंवा एका तालुक्याचाही नाही. चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते आणि अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या रानातली माती घेऊन येते. त्यात रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातील खतांचा अंश आणि वरच्या गावांचे सांडपाणी मिसळते. यांपैकी कोणाचा वाटा किती, हे कळल्याशिवाय केळी उत्पादकाकडे बोट दाखवणे अन्यायाचे होईल. सांडपाण्याबाबत तर नियमातच उणीव राहिली. मलजल प्रक्रिया केंद्रांसाठी ऑक्टोबर 2017 मध्ये निघालेल्या केंद्रीय अधिसूचनेतील मानकांत फॉस्फरसचा समावेश नव्हता. त्या कसोटीला उतरलेले, दिसायला स्वच्छ पाणीही तलावाला खत घालत राहू शकते.

जलपर्णी काढण्याच्या पद्धतीविषयीही सांगायला हवे. काढलेली जलपर्णी काठावरच ढीग करून ठेवली, तर पहिल्या पावसात तिच्यातला फॉस्फरस पुन्हा पाण्यात उतरतो आणि सारा खर्च वाया जातो. ती पाणलोटापासून दूर नेऊन तिचे कंपोस्ट करावे. गाळाचेही तसेच. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राज्यात 2017 पासून आहे. तिच्यात गाळ शेतात टाकण्याआधी त्यातील फॉस्फरस आणि जड धातू तपासण्याची अट घातली, तर शेतकऱ्याला आपल्या शेतात काय पडते आहे ते कळेल आणि त्या मानाने त्याला डीएपी या फॉस्फरसयुक्त खताची मात्रा कमी करता येईल.

तेव्हा हतनूर, वाघूर, मेहरूण आणि धुळ्याचा नकाणे या चार ठिकाणी दर महिन्याला पृष्ठभागापासून तळापर्यंत तापमान, प्राणवायू व फॉस्फरस मोजण्याची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याचीही तशीच तपासणी करण्याची व्यवस्था आपण करावी. हे काम जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे किमान दहा वर्षांसाठी सोपवावे आणि आकडे दरवर्षी मराठीत जाहीर व्हावेत. दहा वर्षे म्हणण्याला कारण आहे: तळ्याचा स्वभाव एखाद्या पावसाळ्यात कळत नाही, आणि 227 क्रमांकाच्या तळ्याचे उत्तर हाती आले तेही प्रयोग दशकानुदशके चालू ठेवला म्हणूनच. पहिली मोजणी येत्या उन्हाळ्यात, पाणी सर्वांत कमी आणि सर्वांत तापलेले असताना व्हावी, आणि तोपर्यंत सुशोभीकरणाची नवी निविदा काढू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक,
भुसावळ