गादी गाडीतच राहू द्या

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

परवा फोनवर मी "न्यायला गाडी घेऊन येऊ नका, मी विमानाने येते" म्हटलं, तर बाबा एकदम गप्प झाले आणि आई, तू "बरं, ठेवते" म्हणून फोन ठेवलास. तेव्हापासून मला चैन नाही. फोनवर मी घाईत काहीतरी बोलून जाते, म्हणून लिहायला बसले.

तिकीट काढलंय. 12 डिसेंबर, दुपारचं विमान, पुण्याहून थेट नागपूर. निखिल सोबत आहे. तेव्हा मला गरोदरपणाचा 34वा आठवडा चालू असेल.

बाबा, तुम्ही टायर बदलून घेतले, मागच्या सीटसाठी गादी शिवून घेतली, हे आईने नंतर सांगितलं. फार गलबलून आलं हो. पण समृद्धीने आलं तरी घरून घरी 12 तास कुठे गेले नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, या दिवसांत फार वेळ एका जागी बसलं की पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. गाडीने जायचंच तर दर दोन तासांनी उतरून चालायचं. मला तर सध्या तासातासाला बाथरूमला जावं लागतं. विमानात सगळा मिळून दीड तास. रेल्वेचंही पाहिलं, पण रात्रभर त्या बर्थवर कूस बदलणं आता जमत नाही.

आई, हवेच्या दाबाची काळजी करू नकोस. विमानातली हवा साधारण सिमल्याच्या उंचीवर असते तशी असते, आणि तिथे तू मॉल रोडवर आमच्या सगळ्यांच्या पुढे चालत होतीस! 36 आठवड्यांनंतर विमानात घेत नाहीत, आत्ता डॉक्टरांचं पत्र लागतं, ते मिळालंय. वार (प्लॅसेंटा) वर आहे, बीपी 110/70. काही गडबड असती तर त्यांनीच नको म्हटलं असतं. कडेची सीट घेतलीय, पायांत घट्ट मोजे घालणार, पट्टा पोटाच्या खालून बांधणार. दडप्या पोह्यांचा डबाही सोबत आहे. उपाशी राहणार नाही.

आणि बाबा, आणखी एक. रागावू नका. डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीनच महिने झालेत आणि येऊन-जाऊन 1400 किलोमीटर होतात. शेगावहून येतानाचं मी काढत नाही, पण ते आईच्याही मनात आहे.

तुमच्या गाडी चालवण्यावर विश्वास नाही, असं मनात आणूसुद्धा नका. चिखलदऱ्याच्या घाटात मला प्रत्येक वळणाला उलटी व्हायची. तुम्ही न चिडता गाडी बाजूला घ्यायचात, माझ्या कपाळाला तळवा लावून उभे राहायचात. त्या तळव्याला स्टिअरिंगचा वास यायचा. या सात-आठ महिन्यांत मळमळलं की कितीदा तो हात आठवला! तो मला आता घरात हवाय, रस्त्यावर नको.

आता ऐका. पाळणा काढायला माळ्यावर तुम्ही चढायचं नाही, निखिल आल्यावर काढेल. बीपीची गोळी सकाळचीच, आठवलं तेव्हा नाही. आई, डिंकाचे लाडू आत्ताच करत बसू नकोस, ते बाळंतपणानंतरचे. केलेसच तर ओट्यावर कर, खाली मांडी घालून नको. गुडघ्यांचं तेल संपलं असेल तर कळव, इथून आणते. मालिशवाल्या मावशींना मात्र आत्ताच सांगून ठेव.

बाबा, सोनेगावला विमानतळावर न्यायला तुम्हीच यायचं. दुपारचं विमान मुद्दाम घेतलंय, म्हणजे अंधारात गाडी चालवावी लागणार नाही. मला व्हीलचेअरवरून बाहेर आणतील, ते नुसतं चालणं वाचावं म्हणून. बघून घाबरू नका, आईलाही आधीच सांगून ठेवा. आणि ती गादी मागच्या सीटवरून काढू नका. प्रतापनगरपर्यंत का होईना, मी तिच्यावरच बसून येणार.

तुमची,
मनी