‘नोस्फेराटू’ दाखवणार असशील तर आधी प्रत बघ

पुणे, ८ ऑक्टोबर

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. दिवाळीनंतर चित्रपट मंडळात जर्मन दिग्दर्शक मुर्नाउचा ‘नोस्फेराटू’ हा रक्तपिपासू पिशाचाचा मूकपट लावायचा बेत कळला. नेटवरून उतरवलेली तासाभराची प्रत चालेल का, म्हणून विचारलंयस. नाही चालणार.

ह्याला सवयीनं ब्लॅक अँड व्हाइट म्हणतात, पण १९२२ साली थिएटरांत गेलेल्या प्रती रंगवलेल्या होत्या. प्रिंटचे तुकडे रंगानुसार वेगळे काढायचे, रंगाच्या पाण्यात बुडवायचे, वाळवून पुन्हा क्रमानं जोडायचे. रात्रीला निळसर रंग, दिवसाला नि दिव्याच्या उजेडाला पिवळट, पहाटेला गुलाबी. बाहेरची रात्र खऱ्या रात्री टिपण्याइतकी फिल्म तेव्हा तेज नव्हती. म्हणून उन्हात शूटिंग करायचं आणि प्रिंट निळी करायची. पुढे ह्या प्रतींवरून साध्या कृष्णधवल नकला निघाल्या, त्यात निळा गेला आणि त्याबरोबर रात्रही गेली. तुझ्याकडच्या प्रतीत ते पिशाच, काउंट ओर्लोक, बगलेत शवपेटी घेऊन शहरातून भर दुपारी चालल्यासारखा दिसेल, भिंतींवर कडक ऊन. आणि शेवटी तोच उन्हाच्या पहिल्या किरणानं विरून जातो! लोक हसणार, आणि त्यांचं काही चुकणार नाही. गंमत म्हणजे ऊन लागून मरणं ही युक्ती ह्याच चित्रपटाची. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाउजेडी हिंडतो.

दुसरी गोष्ट वेगाची. मूळ लांबी १९६७ मीटर. ३५ मिमी फिल्मच्या एका मीटरमध्ये साधारण साडेबावन्न फ्रेम बसतात, म्हणजे एकूण लाखभराच्या वर. सेकंदाला १८ फ्रेमनं चालवलं तर सुमारे ९५ मिनिटं होतात, बोलपटाच्या २४ नं चालवलं तर ७२. तुझी प्रत तासाभराची, म्हणजे वेग तर चुकलाच, वर काही भाग कापलेलाही असणार. वेगाचं एवढं काय, म्हणशील. ओर्लोकच्या किल्ल्यात आलेला पाहुणा हुटर खिडकीतून खाली बघतो तो प्रसंग घे. ओर्लोक गाडीवर शवपेट्या भराभर रचतो, सगळ्यात वरच्या पेटीत स्वतः झोपतो आणि झाकण आपोआप उडून बसतं. इथला वेग मुद्दाम वाढवलाय, माणसाचा नाही असा वाटावा म्हणून. सगळा चित्रपटच दुडक्या चालीनं पळत असेल तर हा वेगळा कसा कळणार?

तेव्हा मुर्नाउ फाउंडेशननं २००५-०६ मध्ये लुसियानो बेरियातुआ ह्या स्पॅनिश जाणकाराकडून पुन्हा उभी करून घेतलेली प्रत मागव. मुख्य आधार फ्रेंच पाट्यांच्या (म्हणजे मधेमधे येणाऱ्या मजकुराच्या) एका रंगीत नायट्रेट प्रिंटचा, म्हणजे जुन्या प्रकारच्या फिल्मवरच्या प्रतीचा; त्यात नसलेले शॉट इतर प्रतींतले. कादंबरीवरून परवानगी न घेता चित्रपट केला म्हणून स्टोकरच्या विधवेनं केलेल्या दाव्यात १९२५ ला कोर्टानं सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या होत्या, त्यातून जे वाचलं त्यावर हे काम झालंय. मूळ चित्रपटावरचे हक्क आपल्याकडे कधीच संपलेत, पण ही प्रत नि तिच्यावरचं संगीत ह्यांचं तसं नाही. फाउंडेशन जर्मनीत वीसबाडेनला आहे, त्यांना आधीच लिही.

ओळखायची सोपी खूण: पाट्यांवर ओर्लोक, हुटर, एलेन (हुटरची बायको), विस्बोर्ग (त्यांचं गाव) हवं. ड्रॅक्युला, हार्कर, ब्रेमेन दिसलं की ती जुनी अमेरिकी प्रत. ठेवून दे.

प्रोजेक्टरला चित्र ४:३ वर ठेव, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू देत. पडदा भरायच्या नादात वरून कापलंस तर टोकदार कमानीच्या दारात तंतोतंत बसलेल्या ओर्लोकचं टाळकंच जाईल. ‘स्मूथ मोशन’सारखी, मधल्या फ्रेम स्वतःच भरणारी जी सोय असेल ती बंद कर, नाहीतर चित्र तेल लावल्यासारखं घसरतं. रंग ‘व्हिव्हिड’वर नकोत, निळा भडक झाला की सगळं जाहिरातीसारखं दिसतं. हॉलच्या खिडक्यांना जाड काळं कापड लाव.

पाट्यांचं मराठी एकानंच माइकवर वाचावं, सपाट आवाजात. पाट्या पडद्यावर बराच वेळ राहतात, घाई नको. हार्मोनियमवाला बसवणार असशील तर त्याला हीच प्रत घेऊन सराव करू दे, दुसऱ्या प्रतीवर बसवलेल्या जागा चुकतात. दार करकरणं, कोंबडा आरवणं असले आवाज कुणी काढायचे नाहीत. जिन्यावरून सावली चढते तिथे तर हार्मोनियमही थांबली तरी चालेल. सावलीचा हात एलेनच्या छातीवरून सरकतो आणि काळजावर मूठ आवळतो, तिथे सभागृह गप्प हवं.

आणि हो, खानावळीबाहेर लांडगामाणूस म्हणून जे जनावर फिरताना दिसतं ते तरस आहे, चक्क पट्टेरी तरस. आपल्याकडचे लोक लगेच ओळखतील आणि कुजबुज सुरू होईल. प्रास्ताविकातच सांगून टाक.

प्रत हाती आली की आधी शेवटची दहा मिनिटं लावून बघ. रात्र निळी आणि पहाट गुलाबी दिसली तर मला फोन कर, मराठी पाट्या मी लिहून देतो.

तुझा,
अविनाश